जुन्या लॅपटॉपचं पॉवर बटण बिघडलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बटण बिघडलंय, पण लॅपटॉप या क्षणी चालू आहे. आधी काय करू?

तो बंद करू नका. शटडाउन किंवा हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून पूर्ण बंद होणं) केलात की परत उठवायला बटणच लागेल. स्लीपमधून मात्र बहुतेक लॅपटॉप कीबोर्डची कळ दाबून किंवा झाकण उघडून जागे होतात. आधी महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. मग पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन झाकण मिटल्यावर आणि बॅटरी संपत आल्यावर काय करायचं ते तपासा. बॅटरी संपताना हायबरनेट हा पर्याय बहुधा आधीपासून निवडलेला असतो आणि नेमका तोच अशा वेळी नडतो. म्हणून चार्जर लावूनच ठेवा.

नंतर रीस्टार्ट करून बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगच्या पानांत) जा. रीस्टार्टला बटण लागत नाही. तिथे पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर पुढच्यापैकी काही सापडतं का पाहा: चार्जर जोडताच चालू होणं, झाकण उघडताच चालू होणं, ठरलेल्या वेळी आपोआप चालू होणं, नेटवर्क केबलवरून जागं होणं. यातलं एक जरी मिळालं तरी भाग मागवून तो येईपर्यंत काम अडत नाही. वेळेवर चालू होण्याचा पर्याय वापरणार असाल तर बायॉसची गोल बॅटरी (बहुतेक ठिकाणी सीआर२०३२, ३ व्होल्ट) शाबूत हवी. घड्याळच मागे पडलं तर गजर वाजणार कुठून? नेटवर्कवरून उठवायचं असेल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, ते चालू असताना ही सोय बहुतेकदा दगा देते.

थिंकपॅड किंवा लॅटिट्यूडसारख्या ऑफिसच्या लॅपटॉपना त्यांच्याच डॉकवर (लॅपटॉप ज्यावर बसवतात किंवा ज्याला जोडतात त्या जोड-पेटीवर) वेगळं पॉवर बटण मिळतं. जुना डॉक हाताशी असेल तर दुरुस्तीची घाईच उरत नाही.

बटण दाबल्यावर आत नेमकं काय होतं?

घरातल्या दिव्याच्या बटणासारखा इथे मुख्य वीजप्रवाह बटणातून वाहत नाही. मुख्य बोर्डावर एक छोटा नियंत्रक सतत जागा असतो. त्याच्याकडे जाणाऱ्या एका तारेवर साधारण ३.३ व्होल्ट असतात. बटण दाबलं की ती तार क्षणभर ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या बाजूला) टेकते, व्होल्टेज शून्यावर येतं आणि नियंत्रक बाकीचा बोर्ड उठवतो. बटणाचं काम तेवढंच, एक इशारा देण्याचं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे बटणाच्या जागी कुठलाही साधा दाब-स्विच चालतो, त्यात मॉडेलचं असं काही खास नसतं. दुसरी म्हणजे इशारा नियंत्रकापर्यंत पोहोचायला चार दुवे लागतात: वरचं प्लास्टिक, खालचा स्विच, पट्टीसारखी केबल आणि बोर्ड. तुटलेला दुवा सापडेपर्यंत काहीही विकत घेऊ नका.

दोष बटणाचाच आहे हे उघडण्याआधी कसं ओळखू?

चार्जर लावल्यावर चार्जिंगचा दिवा लागतो का? लागत असेल तर बोर्डाला वीज मिळतेय आणि बटणावरचा संशय वाढतो. दिवाच नसेल तर आधी चार्जर आणि त्याची जॅक तपासा.

मग साठलेली वीज काढून बघा. चार्जर काढा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा, बटण ३० सेकंद दाबून धरा, मग फक्त चार्जर लावून प्रयत्न करा. नियंत्रक अडकून बसलेला असेल तर तो यानेच सुटतो.

बोटाला काय जाणवतं तेही लक्षात घ्या:

- बटण आत गेलं आणि टक् आवाजच नाही: प्लास्टिक मोडलंय किंवा सरकलंय.
- टक् आवाज येतो, पण लॅपटॉप ढिम्म: स्विचचा संपर्क गेलाय, केबल सुटलीय किंवा दोष पुढे आहे.
- कोपऱ्यावर दाबलं, नख रुतवलं की कधीतरी लागतं: स्विच झिजलाय किंवा त्याचा एक पाय बोर्डावरून उखडलाय.
- लॅपटॉप चालू होतो आणि काही सेकंदांत पूर्ण बंद पडतो, पुन्हा पुन्हा: बटण दाबलेल्या अवस्थेत अडकलंय. सलग ४ सेकंदांहून जास्त दाबून धरणं म्हणजे सक्तीने बंद करण्याचा हुकूम. काही मॉडेलांत हा वेळ १० ते १५ सेकंद असतो.

टक् आवाजावर फार विश्वास ठेवू नका. स्विचच्या आत पातळ धातूचा एक घुमट असतो, तो दबून पालथा होतो तेव्हा तो आवाज येतो. घुमट छान वाजतो आणि त्याखालच्या संपर्कावर काळपट थर चढलेला असतो, असं सर्रास दिसतं.

माझ्या लॅपटॉपमध्ये बटण कुठे बसवलेलं असेल?

जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा ते एका स्वतंत्र छोट्या बोर्डावर असतं आणि तो बोर्ड पट्टी केबलने मुख्य बोर्डाला जोडलेला असतो. दुरुस्तीला हा प्रकार सगळ्यात सोपा. काहींत स्विच थेट मुख्य बोर्डाच्या कडेला असतो आणि वरून प्लास्टिकचा लांब दांडा त्याला ढकलतो. तिसऱ्या प्रकारात बटण म्हणजे कीबोर्डचीच एक कळ असते, वरच्या उजव्या कोपऱ्यात, डिलीटच्या शेजारी. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलंय, कारण तिथे सगळी गणितं बदलतात.

उघडायला काय काय हवं, आणि लोक कुठे चुकतात?

पीएच० आणि पीएच०० टोकाचा स्क्रूड्रायव्हर (काही मॉडेलांना टी५ किंवा टी६), पातळ प्लास्टिकची पट्टी किंवा गिटारची पिक, टोकदार चिमटा, मल्टिमीटर, भिंग. डाग द्यायचा असेल तर बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न, फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा लेप), ०.५ मिमी सोल्डर, जुनं सोल्डर शोषून घेणारी तांब्याची जाळीदार वात आणि ९० टक्क्यांवरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल.

चूक पहिल्याच पायरीला होते. स्क्रू सगळे निघाले असं वाटतं आणि लोक कव्हर ओढतात. रबरी पायांखाली, डीव्हीडी ड्राइव्ह काढल्यावर उघड्या पडणाऱ्या कडेला आणि कीबोर्डखाली स्क्रू दडलेले असतात. एका जागी कव्हर अडलं तर जोर लावू नका, तिथे स्क्रू शोधा. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवा. ३ मिमीच्या जागी ८ मिमीचा स्क्रू पिळला तर तो वरच्या पॅनेलला फुगवटा आणतो, नाहीतर बोर्डाला भोक पाडतो.

कव्हर उघडताच पहिलं काम म्हणजे बॅटरीचा कनेक्टर काढणं. ती फुगलेली दिसली तर बटणाचं नंतर बघा, आधी ती न टोचता, न वाकवता बाहेर काढा. कीबोर्डवरचं पॅनेल उचलताना एकदम वर ओढू नका, खाली केबली ताणलेल्या असतात. बोटभर उचला आणि आत डोकवा.

पट्टी केबल काढताना तुटण्याची भीती वाटते. ती निघते कशी?

कनेक्टरचे तीन प्रकार नेहमी भेटतात. एकात काळी किंवा तपकिरी पापणी असते, ती नखाने वर उचलली की केबल आपोआप सैल होते. दुसऱ्यात दोन टोकांना कान असतात, ते दोन्ही एकाच वेळी केबलच्या दिशेने १ ते २ मिमी सरकवायचे. तिसऱ्याला कुलूपच नसतं, केबल निळ्या किंवा पांढऱ्या टोकाला धरून सरळ ओढायची. पापणी कुठल्या बाजूने उचलायची हे भिंगातून पाहून मगच हात लावा. उलट्या बाजूने रेटली तर ती तुटते, आणि मग बदलायला निघालात बटण आणि बदलावा लागतो बोर्डावरचा कनेक्टर.

पापणी तुटलीच तर केबल आत बसवून तिच्या पाठीवर पातळ प्लास्टिकचा तुकडा पाचरीसारखा सरकवा आणि वरून कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी पिवळसर चिकटपट्टी) लावा. देखणं नाही, पण टिकतं.

मल्टिमीटरने तपासायचं कसं?

आधी वीज पूर्ण काढून. मीटर बीपवर (तार सलग आहे का ते सांगणाऱ्या खुणेवर) ठेवा आणि स्विचच्या कर्णावरच्या दोन पायांना टोकं लावा. चार पायांच्या स्विचमध्ये पाय दोन-दोनच्या जोड्यांनी आतून जोडलेले असतात. एकाच जोडीवर टोकं ठेवलीत तर न दाबताही बीप वाजेल आणि स्विच शॉर्ट झालाय असा गैरसमज होईल. कर्णावर धरलं की ही भानगड उरत नाही. दाबल्यावर बीप, सोडल्यावर शांतता, असं दहा वेळा दाबून पाहा. मग मीटर ओहमवर न्या. चांगला स्विच दाबल्यावर १ ओहमच्या आसपास किंवा खाली दाखवतो. आकडा ४०, २००, पुन्हा ९ असा नाचत असेल तर संपर्क खराब आहे.

केबलही अशीच तपासा. दोन्ही टोकांच्या सोनेरी किंवा चंदेरी पट्ट्या एकेक करून मोजा आणि मोजताना केबल हलकी वाकवा. जिथे घडी पडलीय तिथेच तार तुटलेली असते आणि सरळ ठेवल्यावर ती जुळल्यासारखी वागते.

आता वीज देऊन. बॅटरीपेक्षा चार्जरवर मोजा, कारण नुसत्या बॅटरीवर काही बोर्ड बटण दाबेपर्यंत ही ३.३ व्होल्टची तारही झोपवून ठेवतात. काळं टोक यूएसबी पोर्टच्या धातूच्या कवचाला, लाल टोक स्विचच्या पायाला, मीटर डीसी व्होल्टवर. एका बाजूला साधारण ३.३ व्होल्ट आणि दुसरीकडे शून्य दिसायला हवं.

- व्होल्टेज आहे आणि दाबल्यावर शून्यावर येतं, तरी लॅपटॉप उठत नाही: स्विच निर्दोष आहे, दोष बोर्डात.
- व्होल्टेज आहे पण दाबल्यावर पडत नाही किंवा अर्धवट पडतं: स्विच बदला.
- स्विचवर काहीच नाही, मुख्य बोर्डाच्या कनेक्टरवर आहे: केबल.
- केबल काढूनही मुख्य बोर्डाच्या कनेक्टरच्या एकाही पिनवर व्होल्टेज नाही: बटण बदलून उपयोग नाही.

मीटरचं टोक दोन पिनांच्या मध्ये घसरू देऊ नका. या कनेक्टरच्या पिनांत ०.५ किंवा १ मिमी एवढंच अंतर असतं. टोकाला शिवणकामाची सुई बांधली की हात बराच सोपा होतो.

चिमट्याने शॉर्ट करून लॅपटॉप चालू केला तर चालेल का?

स्विचचे पाय नक्की ओळखले असतील तर हो. कर्णावरचे दोन पाय अर्धा सेकंद जोडा आणि सोडा, बटण हेच करतं. कनेक्टरच्या पिनांवर अंदाजाने चिमटा फिरवणं मात्र धोक्याचं. त्याच केबलमधून बटणाच्या दिव्याची वीजही जात असते, कधी झाकणाच्या चुंबकीय सेन्सरचीही. वीजेची पिन ग्राउंडला टेकली तर बोर्डावरचा फ्यूज किंवा त्याहून महाग काहीतरी जाऊ शकतं.

फक्त वरचं प्लास्टिक तुटलंय. नवीन पॅनेल घ्यावं लागेल?

बहुतेकदा नाही. बटण पॅनेलला प्लास्टिकच्याच पातळ जिभांनी लटकलेलं असतं. वर्षानुवर्षं वाकून जीभ तुटते आणि बटण आत पडतं किंवा तिरकं होतं. दोन घटकांचं इपॉक्सी घ्या, तुटलेली जागा बारीक सँडपेपरने खरवडा, जिभेच्या पाठीला पातळ प्लास्टिकची पट्टी (जुन्या कार्डाची चालते) लावून चिकटवा आणि २४ तास हलवू नका. पट्टी फक्त मुळाशी घ्या. पूर्ण लांबीला लावलीत तर बटण ताठ होतं आणि दाबताना पुन्हा मोडतं.

झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद इथे वापरू नका. तो पाण्यासारखा पातळ असतो, फटीतून स्विचमध्ये उतरतो आणि घुमट कायमचा गोठवतो. वर त्याच्या वाफेने काळ्या पॅनेलवर पांढरे डाग उमटतात.

प्लास्टिक शाबूत आहे, पण त्याच्या पोटातला ठोंब झिजल्यामुळे स्विचपर्यंत पोहोचत नाही, असंही होतं. ठोंबाच्या टोकाला ०.२ ते ०.३ मिमी जाडीचा प्लास्टिकचा तुकडा चिकटवला की काम होतं. जाडी जास्त झाली तर बटण कायम दाबलेलं राहील, म्हणून एकेक थर वाढवत जा.

बोर्ड पॅनेलला स्क्रूऐवजी वितळवलेल्या प्लास्टिकच्या रिवेटने बसवलेला असेल तर रिवेटचं डोकं ब्लेडने पातळ कापा, खुंटी ठेवा. परत बसवताना त्या खुंटीवर इपॉक्सीचा थेंब पुरतो.

बटण चिकट झालंय. नुसतं धुऊन सुधारेल?

चहा किंवा सरबत सांडलं असेल तर शक्यता चांगली आहे. बोर्ड वेगळा काढा, स्विचवर अल्कोहोलचे दोन-तीन थेंब सोडा, वीसेक वेळा दाबा, टिपून घ्या आणि हे तीनदा करा. निदान अर्धा तास सुकू द्या. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मारू नका, त्याचा थर राहतो आणि धूळ धरतो. पायांशी हिरवट पावडर दिसली तर ती ब्रशने आणि अल्कोहोलने साफ करा. धुतलेला स्विच चालला तरी नवा मागवून ठेवावा असं आमचं मत आहे, कारण आत चढलेला गंज थांबत नाही.

नवीन स्विच निवडताना काय मोजायचं?

लांबी, रुंदी, पायांची संख्या आणि दिशा हे सगळेच मोजतात. विसरली जाते ती उंची. ६×६ मिमी, ५.२×५.२ मिमी, ४.५×४.५ मिमी, ३×६ मिमी असे आकार सहज मिळतात, पण प्रत्येक आकार अनेक उंचींत येतो. जुन्या स्विचची बोर्डापासून ठोंबाच्या टोकापर्यंतची उंची कॅलिपरने मोजा. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही खूप झाला: उंच स्विच दाबलेला राहतो आणि बुटक्यापर्यंत बटण पोहोचत नाही. दाबायला लागणारा जोर ग्रॅममध्ये लिहिलेला असतो, १६० ते २५० च्या दरम्यानचा कुठलाही ठीक. बोर्डाच्या कडेला आडवा स्विच असेल तर ‘बाजूने दाबायचा’ प्रकार घ्या. सुटा स्विच मिळत नसेल तर जुन्या माउसमध्ये किंवा बंद पडलेल्या राउटरच्या रीसेट बटणात बघा, मापात बसणारा भाऊबंद तिथे सापडतो.

स्विच बदलायची पद्धत सांगा.

बोर्ड मशीनमधून बाहेर काढूनच काम करा. जुन्या जोडांवर फ्लक्स लावा आणि थोडं नवं शिसेयुक्त सोल्डर मिसळा. कारखान्यातलं शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ अंशांना वितळतं, ६३/३७ प्रकारचं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) १८३ लाच. मिश्रण झालं की जोड लवकर सुटतात. आयर्न ३२० ते ३५० अंशांवर ठेवा आणि एका पायावर ३ सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका.

चारही पाय एकदम सोडवायची गरज नाही. जुना स्विच तसाही फेकायचाच आहे, तेव्हा बारीक पक्कडीने त्याचे पाय कापा, धड काढा आणि उरलेले पाय एकेक उचला. यात बोर्डावरचे पॅड (पाय ज्यांना जोडलेले असतात त्या तांब्याच्या टिकल्या) उपटण्याचा धोका सगळ्यात कमी. वातीने पॅड साफ करा, नवा स्विच ठेवा, एका कोपऱ्याला डाग देऊन जागा बरोबर आहे का बघा, मग बाकीचे तीन. फ्लक्स स्विचच्या पोटात वाहू देऊ नका, म्हणून आता थेंबच वापरा. गार झाल्यावर पुन्हा कर्णावर बीप तपासा.

पॅड उखडला तर घाबरू नका. त्याच जोडीतला दुसरा पॅड (कर्णावरचा नव्हे) बहुधा त्याच तारेला जोडलेला असतो. तोही गेला असेल तर बोर्डावरची रेघ भिंगातून पाहा, वरचा हिरवा थर खरवडा आणि ३० गेजची बारीक तार तिथून स्विचच्या पायाला जोडा.

डाग देता येत नाही. छोटा बोर्डच बदलला तर?

तेही चालतं आणि हात वळलेला नसेल तर तेच बरं. मात्र लॅपटॉपच्या नावावरून मागवू नका. एकाच नावाखाली दोन-तीन वेगळे बोर्ड निघालेले असतात. बोर्डावर छापलेला क्रमांक बघा, पुष्कळ मॉडेलांत तो ‘एलएस’ अक्षरांनी सुरू होतो. केबलवर छापलेलं ‘एडब्ल्यूएम २०६२४ ८०सी ६०व्ही’ हा तिचा भाग क्रमांक नव्हे. तो तारेचा प्रकार झाला, आणि तो हजारो वेगवेगळ्या केबलींवर सापडतो. केबल घेताना पिनांची संख्या, दोन पिनांतलं अंतर, लांबी, आणि दोन्ही टोकांचे संपर्क एकाच बाजूला आहेत की विरुद्ध बाजूंना, हे चार तपशील जुळले पाहिजेत.

बटण कीबोर्डमध्येच आहे. मग काय?

कळीची टोपी किंवा खालची कात्री (टोपीला तोलणारी प्लास्टिकची चौकट) तुटली असेल तर तेवढीच बदला. विद्युत दोष असेल तर अवघड आहे. कीबोर्डच्या आत प्लास्टिकच्या पडद्यांवर चांदीच्या शाईने रेघा छापलेल्या असतात. त्यांवर आयर्न टेकवलं की पडदा वितळतो, म्हणून तिथे डाग देताच येत नाही. तुटलेली रेघ विद्युतवाहक चांदीच्या रंगाने जोडता येते, पण त्यासाठी पडदे सुटे करावे लागतात आणि ते कडांना चिकटवलेले असतात. आमचा सल्ला, कीबोर्ड बदला. तो पॅनेलला डझनावारी रिवेटने ठोकलेला असेल तर पॅनेलसकट येणारा संच शोधा. रिवेट कापून परत बसवलेला कीबोर्ड टाइप करताना पत्र्यासारखा लवतो.

बाहेरून वेगळं बटण जोडता येईल का?

येतं. जुन्या स्विचच्या कर्णावरच्या पॅडना ३० गेजच्या दोन तारा जोडा, बिजागराजवळून किंवा रिकाम्या ड्राइव्हच्या जागेतून बाहेर काढा आणि छोटं दाब-बटण लावा. कुठली तार कुठल्या पायाला याने फरक पडत नाही. बटण मात्र सोडताच उसळणारं हवं. दाबलेलं राहणारं लावलंत तर लॅपटॉप उठेल आणि काही सेकंदांत स्वतःला बंद करून घेईल. तारा बिजागराच्या हालचालीत चिमटणार नाहीत अशा न्या आणि दोन ठिकाणी गरम गोंदाने धरून ठेवा, नाहीतर एका हिसक्यात पॅडच हातात येतील.

सगळं बसवलं आणि बटण पुन्हा चालेना. आधी चालत होतं!

पॅनेलचे स्क्रू थोडे सैल करून पाहा. चालू झालं तर प्लास्टिक स्विचला दाबून धरतंय, ठोंबाला चिकटवलेला थर पातळ करा. तरीही नाही, तर केबल तिरकी बसलीय. तिच्या टोकाजवळची पांढरी रेघ कनेक्टरला समांतर दिसायला हवी. आणि बॅटरीचा कनेक्टर परत लावलाय ना? चार्जर जोडलेला नसताना चाचणी घेणारे हा हमखास विसरतात. पुढच्या वेळी एकही स्क्रू न पिळता, पॅनेल नुसतं जागेवर टेकवून वीस वेळा चालू-बंद करून बघा, मगच बंद करायला घ्या.